मालकाचं नाव

ऑफिसच्या कॉम्प्युटरची सिस्टीम अपग्रेड झाली, पण एक सॉफ्टवेअर पॅकेज कॉन्फिगर होता होता अडकलं. ऑफिसचा सिस्टीमवाला चरफडला. ते पॅकेज मुळात त्याच्या एका सहकारी बाईंनी लिहिलेलं. त्यांचं नाव खोडून यानं आपलं घातलं होतं, वर त्यांनाच चोर ठरवून घरी बसवलं होतं. त्या धक्क्यातच बाई गेल्या.

त्यानं दुरुस्तीची कमांड दिली. स्क्रीनवर प्रश्न आला, "मालकाचं नाव?"

असा प्रश्न त्या पॅकेजमध्ये नव्हताच. त्यानं स्वतःचं नाव टाकलं.

"खोटं."

शेवटी त्यानं बाईंचं नाव टाकलं आणि पॅकेज मुकाट्यानं कॉन्फिगर झालं. तो हुश्श करतोय तोच खाली नवी ओळ उमटली, "तोतयाला काढून टाकायचं?"

त्यानं कीबोर्डवरचे हात झटकन उचलले. तरी समोर 'हो' टाइप झालं.

"अगं, इकडे ये जरा!" त्यानं शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला हाक मारली. तिनं मानही वर केली नाही.

थोड्या वेळानं ती चहाचा कप घेऊन उठली आणि थेट तो बसला होता त्या खुर्चीपाशी आली.

"अरे, ही खुर्ची रिकामीच आहे ना?" तिनं मागे वळून कुणाला तरी विचारलं. "मग मी इथेच बसते."

तो जिवाच्या आकांतानं ओरडला. ती निवांत बसली.