बारका स्क्रूड्रायव्हर

पोरीला परदेशी शिकायला शिष्यवृत्ती मिळाल्यापासून चष्मेवाल्याच्या तोंडाला खळ नव्हती. "सुईच्या नेढ्यात मावतील अशी यंत्रं बनवणार आमची कन्या!" येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवायचा. आज निघण्याआधी ती दुकानात आली. लहानपणापासून तिच्या चष्म्याची दांडी दर आठवड्याला कशी कोण जाणे सैल व्हायची आणि शाळा सुटली की स्वारी इथे हजर. आजही त्याने स्क्रू आवळला, चष्मा दोन्ही हातांनी तिच्या नाकावर बसवला. "टोचतोय का?" "नाही." मग बारका स्क्रूड्रायव्हर तिच्या हातात दिला. "तिकडे दोन वर्षं तुझं तूच आवळायचं. दाखव बघू." तिने चष्मा काढून सराईत बोटांनी स्क्रू उलटा फिरवला. "मला नाही जमत, बाबा." इतक्या वर्षांचं कोडं आज सुटलं. त्याने स्क्रूड्रायव्हर खणात टाकला. "राहू दे. सैल झाला की इकडेच घेऊन ये."