उपटलेल्या वायरचं उत्तर

थाप वाटेल, पण मी तिथेच कॉफी पीत बसलो होतो.

नॉर्वेतल्या आमच्या खाडीकाठच्या कचेरीत फेरीबोटींच्या वेळा सांगणारी वेबसेवा गुनवोरने वीस वर्षांपूर्वी पर्ल भाषेत लिहिली होती. एस्पेनने ती पायथनमध्ये नव्याने लिहिली. महिनाभर प्रवाशांचा प्रत्येक प्रश्न दोन्ही सेवांना विचारला जाई आणि उत्तरं पडद्यावर शेजारीशेजारी उमटत. एकदाही फरक पडला नाही.

त्या सकाळी एस्पेनने जुन्या सर्व्हरची वायर उपटली. "गेलं तुझं म्हातारं, गुनवोर!"

"आधी तुझं पोर पायावर उभं राहू दे, मग बोल."

तुलनेचा पडदा बंद करायला मात्र तो विसरला. दोन्ही रकाने भरतच राहिले.

"साठवलेलं काहीतरी येत असेल," एस्पेन पुटपुटला. त्याने सर्व्हर उघडून आतली डिस्कच टेबलावर काढून ठेवली. जुना रकाना थांबला नाही.

मग पहिल्यांदाच फरक पडला. बारा वाजताची बोट नव्या सेवेनुसार सुटणार होती. जुनी म्हणत होती, रद्द.

बाहेर लख्ख ऊन होतं, पाण्यावर सुरकुतीही नव्हती. चाळीस माणसं बोटीत बसली होती.

"असलं काही तू लिहिलं होतंस?" मी विचारलं.

"एवढं चांगलं मला कुठलं जमायला," गुनवोर हळूच म्हणाली आणि तिने कप्तानाला फोन लावला. "हालवार, सगळ्यांना उतरव. कारण विचारू नकोस."

शेवटच्या माणसाने धक्क्यावर पाय ठेवला. तेवढ्यात आवाज न करता पाणी मागे मागे सरकत गेलं आणि बोट अलगद खाडीच्या तळाला टेकली.