लॅटिनचं सोपं वाक्य

आईला मातीआड करून इग्नेशस दुसऱ्याच दिवशी पाद्री घडवणाऱ्या सेमिनरीतल्या लॅटिनच्या वर्गात येऊन बसला. डोळे कोरडेच होते. फादर मच्याडोंनी फळ्यावर सवयीने एक सोपं वाक्य लिहिलं: ‘मातेर फिलियुम आमात’, म्हणजे आई मुलावर माया करते. मग त्यांची नजर त्याच्यावर गेली आणि त्यांनी घाईघाईने डस्टर उचललं.

“राहू द्या, फादर,” तो म्हणाला.

फादरनी नुसती शब्दांची अदलाबदल केली: ‘फिलियुम आमात मातेर’.

“आता मुलगा आईवर माया करतो?” शेजारच्या बोनिफासने विचारलं.

“नाही. शब्द कुठंही ठेव,” इग्नेशस म्हणाला. “‘फिलियुम’च्या शेवटी ‘उम’ आहे, म्हणजे माया मुलावरच होते. करणारी आईच.”

“आणि भूतकाळात?” बोनिफास बोलून गेला आणि ओशाळला.

इग्नेशस उठला. ‘आमात’ पुसून त्याने ‘आमाबात’ लिहिलं, म्हणजे माया करायची. अक्षर नेहमीसारखं सरळ आलं. आत काहीच हललं नाही.

फादर जवळ आले. “थोडे दिवस घरी जाऊन ये, बाळा.”

“घरी आता कोण आहे, फादर?” त्याने खडू त्यांच्या हातात दिला. “पुढचं वाक्य घ्या.”