शिकंज्यातलं पिस्तूल

माणसाचा हात मध्ये नको, म्हणून घारपुरे सरांचं पिस्तूल मी लोखंडी शिकंज्यात आवळलं आणि पंचवीस मीटरवरच्या कागदावर दहा गोळ्या झाडल्या. एकही अडकली नाही. दहाही भोकं रुपयाच्या नाण्याखाली झाकली गेली असती.

सर बाहेर बाकावर थांबले होते. "महिनाभर नेम भरकटतोय, उस्मान. नळी झिजली असणार," असं म्हणत सकाळी त्यांनी ते माझ्याकडे तपासायला दिलं होतं. तीस वर्षं याच पिस्तुलानं त्यांनी पदकं आणली होती.

मी कागदाची घडी खिशात कोंबली आणि बाहेर आलो. "नळीच गेलीय, सर."

सरांनी कपबशी दोन्ही हातांनी धरली होती, तरी कप वाजत होता. माझ्या खिशातून डोकावणाऱ्या कागदाकडे ते बराच वेळ बघत राहिले.

"परवान्याचं मी बघतो," ते म्हणाले. "हे पिस्तूल आता आपल्या ऋजुताला दे. पुढच्या महिन्यात तिची निवड चाचणी आहे."

मी पिस्तूल शिकंज्यातून सोडवायला आत वळलो.

"आणि तो कागदही दे. पिस्तुलावर भरवसा बसायला हवा ना पोरीचा."