बिघाडाचं कारण

शिवलीलानं बोट टेकवलं आणि वर्गातल्या डिजिटल पॅनलवरची रेघ तिच्या हाताखालून निसटून खाली डाव्या कोपऱ्याकडे पळाली. तिनं ती पुसली, पुन्हा काढली. रेघ पुन्हा पळाली. काढायचा होता सरळ रस्ता, झालं होतं कोळ्याचं जाळं. आणि उद्या सकाळी याच पॅनलवर तिला सातवीच्या वर्गाला पाठ द्यायचा होता. कलाशिक्षक पदविकेचा शेवटचा पाठ. रस्ता, रूळ, विजेचे खांब दूर जाताना एका बिंदूत कसे मिळतात, हे मुलांना दाखवायचं, आणि तेही तंत्रज्ञान वापरूनच.

"सोडा ते," मुख्याध्यापक शिवानंद सर म्हणाले. "ऑगस्टपासून असंच करतंय. उद्या खडूनं घ्या पाठ, परीक्षकांशी मी बोलतो. तुम्ही फक्त या अहवालावर सही करा."

अहवाल एका पानाचा होता. पॅनल कधी आलं, कुणी दिलं, केवढं मोठं, सगळं सुबक टाइप केलेलं. 'बिघाडाचं कारण' हा रकाना तेवढा मोकळा होता.

"लिहा," सर म्हणाले. "शिपाई केराबाई यांनी ओल्या फडक्याने पुसल्यामुळे. तुमचं कॉलेजात पॅनलचं तीन दिवसांचं ट्रेनिंग झालंय, तुमच्या सहीला वजन आहे."

केराबाई केरसुणी घेऊन दारातच उभ्या होत्या. ऑगस्टपासून त्यांना या खोलीचा उंबरा ओलांडायला मनाई होती. हा अहवाल संस्थेत पोचला की महिनाअखेरीस शाळेचाच उंबरा बंद होणार होता. अठरा वर्षं या बाईनं ही शाळा झाडली होती.

"बाई, पानी लावलंच न्हाय मी," त्या शिवलीलाला म्हणाल्या. "कोरडं फडकं हुतं. इचारा की कुणालाबी."

"तुम्हाला कुणी विचारलंय का?" सर म्हणाले.

खरंच, कुणी विचारलंच नव्हतं. कंपनीच्या माणसानं पुण्यात बसून फोनवर 'पाणी गेलं असेल' म्हटलं. तो सोलापूरला फिरकलासुद्धा नाही. पण त्याला पुण्यातून जे पाणी दिसलं, ते इथं सगळ्यांना दिसायला लागलं, आणि त्या पाण्याला लगेच केराबाईंचं नावही चिकटलं. आणखी कुणाचं चिकटणार?

राग आला की शिवलीलाच्या तोंडी घरची कन्नड यायची. ती तिनं गिळली. तिच्या पाठाच्या गुणांवर सरांचीही सही लागायची होती. तिनं भिंतीकडे पाहिलं. तिथं ऑगस्टमधल्या उद्घाटनाचा मोठा फोटो होता. पॅनलला झेंडूचा हार, समोर संस्थेचे अध्यक्ष, त्यांना खेटून सर, आणि सगळ्यांचे हात उंचावलेले.

"सर, पाच मिनिटं द्या," ती म्हणाली.

या वेळी तिनं काही पुसलं नाही. वरून, मधून, उजव्या टोकाकडून, दहा-बारा रेघा मारल्या. साऱ्या पळाल्या. मग चित्र बघायला मागे जातात तशी ती चार पावलं मागे गेली, आणि थबकली.

रेघा वाट्टेल तशा पळत नव्हत्या. होटगीकडे जाणारे रूळ लांबवर मिळावेत, तशा सगळ्या एकाच बिंदूत मिळत होत्या. उद्याचा तिचा पाठच समोर काढून ठेवला होता. फक्त तिचा बिंदू चित्राच्या मधोमध असायचा, आणि हा होता चौकटीला लागून, खाली डावीकडे.

ट्रेनिंगमधलं तिला आठवलं. या पॅनलला बोट असं कळतच नाही. चौकटीतून न दिसणारा प्रकाश काचेवरून जात असतो. तो जिथं अडेल तिथं बोट टेकलंय, असं पॅनल समजतं. म्हणजे ऑगस्टपासून कुणीतरी त्या कोपऱ्यात बोट टेकवूनच होतं.

ती गुडघ्यावर बसली. कंपासपेटीतलं कर्कटक काढून तिनं त्याचं टोक चौकटीच्या फटीत घातलं आणि हळूच उकरलं. काहीतरी टुणकन तळहातावर पडलं. तिनं उठून एक रेघ मारली. रेघ जिथं मारली तिथंच राहिली. दुसरी मारली, तीही राहिली.

तळहातावरचा जिन्नस तिनं सरांपुढे अहवालावर ठेवला. तांदळाचा दाणा होता. कुंकवानं लाल झालेला.

सरांनी दाण्याकडे पाहिलं. मग नको असताना त्यांची नजर फोटोतल्या उंचावलेल्या हातांकडे गेली.

"झाडताना उडाला असेल," ते म्हणाले.

"अक्षता हाय ती, सर," केराबाई दारातून म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "तुमी समद्यांनी टाकल्या हुत्या की. मला कुटं बोलावलं हुतं आत? मी भाईर पावण्यांच्या चपला राखत हुते."

बाहेर मधली सुट्टी संपल्याची घंटा झाली.

"बरं, झालं ना सुरू? मग अहवालाचं राहू द्या," म्हणत सरांनी कागदाला हात घातला. शिवलीलानं तो हातानं दाबून धरला.

"तुम्हीच लिहा म्हणालात, सर."

तिनं पेन उघडलं. बिघाडाच्या कारणाच्या मोकळ्या रकान्यात, उद्या पॅनलवर काढणार होती तशा वळणदार अक्षरात, तिनं एकच शब्द लिहिला आणि खाली सही केली.

'उद्घाटन'.