चाळीस रानटी

डिचोलीच्या देवेशने पटावरच्या युद्धखेळासाठी रानटी टोळीचे चाळीस चिमुकले योद्धे रंगवले, पण त्यांच्या मोहरीएवढ्या डोळ्यांपाशी त्याचा हात थरथरू लागला. पणजीच्या स्पर्धेत अर्धवट रंगवलेली सेना चालत नव्हती आणि स्पर्धा तर उद्यावर आलेली.

शेवटी तो बाबांच्या चित्रशाळेत गेला. तीस वर्षं गणपतींच्या डोळ्यांची आखणी करणाऱ्या बाबांनी एक योद्धा उचलून चष्म्यापाशी धरला.

“पुता, सगळेच उघडेबंब रे! एकाला तरी सोवळं नेसवायचंस.”

“बाबा, फक्त डोळे काढा. एकदम खुनशी. बघणाऱ्याला धडकी भरायला हवी.”

“डोळे कसे काढायचे ते तू मला शिकवणार? ठेव हंयसर.”

सकाळी बाबांनी दिलेला डबा देवेशने थेट स्पर्धेच्या टेबलावरच उघडला आणि कुऱ्हाडी उगारलेले चाळीस रानटी ओळीने उभे केले. गेल्या वर्षी त्याला धूळ चारणारा म्हापशाचा खेळाडू हसत हसत पुढे आला, वाकला आणि त्यांच्या डोळ्यांकडे बघतच राहिला.



मग त्याने हळूच पायातल्या चपला काढून बाजूला ठेवल्या.