पहिला घोट

मगरिबची अजान सुरू झाली आणि नेमकी तेव्हाच वेनिंगला लघवीला लागली.

काचेपलीकडे नर्स रत्मीताईंनी दिवसभराचा रोजा सोडायला खजूर तोंडात टाकला होता. समोर गोड चहाचा ग्लास होता. उशीजवळची घंटी दाबली की त्या हातातलं टाकून धावत येणार, हे वेनिंगला ठाऊक होतं. हाक मारल्याशिवाय पाय खाली ठेवायचा नाही, हेही तिला हज्जारदा बजावलं होतं. पण जावा बेटावरच्या सेमारांग शहरात, गल्लीत वाढलेली बाई रोजा सोडणाऱ्या माणसाला असल्या कामासाठी उठवते होय? दोन घोट तर घेऊ देत बिचारीला, असं म्हणून तिने पलंगाचा कठडा हळूच खाली केला.

खरं तर फिट यावी म्हणूनच तिला इथे ठेवलं होतं. गोळ्या कमी केल्या होत्या, डोक्याला वायरी चिकटवल्या होत्या, वर कॅमेरा होता. फिट नीट टिपली गेली तर मेंदूतली जागा सापडेल, मग कदाचित ऑपरेशन, आणि मग मांडीवर पोर. घरी तान्ही लेक तिच्या शेजारी निजवत, पण मांडीवर कुणी देत नसे. सासूचं तरी काय चुकलं? फिटीत वेनिंगच्या हातून एकदा उकळतं पातेलं सुटलं होतं.

फरशी गार लागली. ती मोरीच्या दारापर्यंत पोचली आणि अजान लांब गेली, पाण्यापलीकडून यावी तशी. कुठूनसा वाफवलेल्या पांदानच्या पानांचा वास आला. भिंत निळी झाली, मऊ झाली, संथ हलू लागली. वेनिंगला भीती वाटली नाही. फिटीआधी नेहमी असंच व्हायचं, कुणीतरी मायेनं थोपटत असल्यासारखं. त्या मऊपणातच कुणीतरी तिला काखेत धरून खाली निजवलं, कुशीवर वळवलं.

"नाव सांग तुझं! ऐकू येतंय? लक्षात ठेव, पांढरी होडी. पांढरी होडी!" रत्मीताईंचा आवाज होता; फिटीत भान किती उरतं ते तपासायचे हे शब्द.

होडी खरंच आली. वेनिंग तिच्यात बसली आणि काठ दिसेनासा झाला.

ती जागी झाली तेव्हा पलंगावर होती. कठडे वर होते. रत्मीताईंच्या गालात खजूर अजून तसाच होता.

"घंटी का नाही वाजवलीस?"

"तुम्ही पहिला घोट घेत होतात..."

"आणि तू आपटली असतीस तर तो घोट माझ्या घशाखाली उतरला असता का गं? भीड म्हणे! बघायला पगार घेते मी, चहा प्यायला नाही." त्यांचा आवाज चिरकला. त्या भेदरल्या होत्या.

वेनिंगची जीभ जड होती. "टिपलं का सगळं?"

रत्मीताईंनी नकारार्थी मान हलवली. "दारात फिट आली. कॅमेऱ्याला माझी पाठ तेवढी दिसली. डॉक्टर म्हणतात, अजून एक हवी."

वेनिंगच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. इतक्या दिवसांची वाट पाहणं तिने स्वतःच्या हातांनी वाया घालवलं होतं.

"रडतेस काय? येईल दुसरी. तिला मात्र एकटीनं भेटायला जाऊ नकोस, मला बोलाव." त्यांनी तिचं तोंड पुसलं. "आता काय हवं तुला? तोंड उघडून माग."

काही नको, हे शब्द ओठांवर आले. जन्मभर तेच आले होते. वेनिंगने ते गिळले.

"लेकीला मांडीवर द्या माझ्या. आणि मागून धरा मला."

रत्मीताईंनी बाळाला घेऊन बाहेर बसलेल्या तिच्या नवऱ्याला हाक मारली, बाळाला आत आण म्हणाल्या. मग चपला काढून पलंगावर चढल्या, तिच्या पाठीशी टेकून बसल्या आणि दोन्ही बाजूंनी हात पुढे घातले.

"हं," त्या म्हणाल्या, "टाक भार."